आवळलेला ब्रेक

माझा संशय इव्हानोवरच होता. तो माझा मेव्हणा, आणि रिमिनीजवळच्या ट्रॅकला लागून असलेल्या आमच्या गॅरेजमधला भागीदार. माझी मुलगी लोरेदाना हिच्या रेसच्या मोटरसायकलचं हँडल आणि ब्रेक बदलायला त्याचा पहिल्यापासून विरोध. “जुनं काय वाईट होतं?” एवढंच म्हणायचा.

नव्या ब्रेकमधली हवा निघून जावी म्हणून आम्ही ब्रेकची लिव्हर दाबून रबरी पट्टीनं हँडलला करकचून बांधतो आणि जेवायला जातो. दोन दिवस परत आलो की ती पट्टी सोडून, नीट घडी करून टाकीवर ठेवलेली.

“हे तुझेच उद्योग!” मी म्हणालो.

“दाजी, मला काय तेवढाच धंदा आहे?”

आज गॅरेजला कुलूप लावून किल्ली माझ्या खिशात ठेवली. इव्हानोला समोर बसवून पियादीना खाऊ घातला, त्याला जागचं हलू दिलं नाही.

परतलो, तर पट्टी टाकीवर.

इव्हानोनं माझ्या खिशाकडे बोट दाखवलं. चिडलेलो असल्यामुळे मी लिव्हरकडे पाहिलंसुद्धा नाही.

तेवढ्यात लोरेदाना हेल्मेट घेऊन आली. ती गाडीवर बसली, मी मागून ढकलू लागलो. पुढचं चाक जागचं हलेना.

“अगं, ब्रेक सोड की!”

“धरलाय कुठे?” तिनं दोन्ही हात वर करून दाखवले.

पट्टी नसतानाही लिव्हर हँडलला चिकटलेली होती.

लोरेदानानं उजवा हात हळूच खाली नेला, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

“बाबा,” ती म्हणाली, “इथे आधीच कुणाचा तरी हात आहे.”