व्हर्नाचा रंग

रविवार, ६ ऑक्टोबर २०१९, सकाळी ११ वाजून ४० मिनिटे. मिनेसोटातल्या आमच्या चर्चच्या तळघरात मी सभासद-पुस्तिकेसाठी एकसष्ट जणांचे फोटो काढायला सुरुवात केली. भिंत तीच, फ्लॅश तोच.

घरी संगणकावर साठ चेहऱ्यांचे रंग थोड्याफार सफाईने नीट बसले; व्हर्ना लिंडक्विस्ट तेवढी पिवळी आली. मी रंगांची सगळी मापे शून्यावर आणून पुन्हा लावली, स्क्रीन तपासला, मूळ फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहिली. तिच्या मागची भिंत पांढरी, कॉलर पांढरी. पिवळी फक्त ती, अगदी डोळ्यांसकट.

शेवटी तिला फोन केला. "व्हर्ना, तुझ्या फोटोत काहीतरी बिघाड आहे गं. सापडतच नाही."

"बिघाड फोटोत नाही, ऑरिन, यकृतात आहे. डॉक्टर नाताळपर्यंतची मुदत देतात. चर्चच्या त्या मिणमिणत्या पिवळ्या दिव्यांत कुणाच्या लक्षात आलं नाही, इतकंच."

"पिवळा उतरवता येतो," मी म्हणालो. "कुणाला कळणारही नाही."

"पास्टरच्या नाकाची लाली उतरव, हवी तर! माझ्या रंगाला हात लावलास तर याद राख. पन्नास वर्षं त्या तळघरात सगळ्यांना हसून कॉफी पाजली. आता आहे तशी बघू देत मला."

नोव्हेंबरात पुस्तिका छापून आली. फोटो एकसष्ट, रंग सुधारलेले साठ.