सोनेरी कार्ड, स्वस्त तिकीट

"सर, बॅगेचे पैसे पडणार नाहीत, विमानातही तुम्हाला आधी सोडतील. पण जागा बदलता येणार नाही. हे सगळ्यात स्वस्तातलं तिकीट आहे," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

भालचंद्ररावांनी सोनेरी कार्ड पुन्हा पुढे सरकवलं. नोकरीत कंपनीच्या पैशांनी उडून उडून मिळालेलं ते कार्ड. त्याच्याच भरवशावर त्यांनी काशीची ही तिकिटं काढली होती. आता त्यांची जागा सातव्या रांगेत आणि पत्नी कुमुदताईंची पार शेवटच्या.

कुमुदताई गोंधळल्या. मानकऱ्याला मानाचा नारळ द्यायचा आणि पंगतीत हवं तिथे बसू द्यायचं नाही, ही कुठली रीत?

"अहो, माझं पहिलंच विमान. वर जाताना तुमचा हात हवा मला."

"बघतो गं."

आधी बोलावलं तरी ते गेले नाहीत. कुमुदताईंच्या मागोमाग शेवटच्या रांगेपर्यंत आले आणि त्यांच्या शेजारच्या जागेवर बसलेल्या मुलीला म्हणाले, "बाळ, पुढे माझ्या जागेवर बसशील का?"

मुलीने त्यांच्या हातातलं कार्ड पाहिलं. "काका, गोल्डवाल्यांना हवी ती सीट मिळते ना?"

कुमुदताई त्यांच्याकडे बघू लागल्या. कुणाकडे कधी काही न मागणारा हा माणूस आता काय बोलणार?

"एरवी मिळते. या वेळी मीच सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं."

मुलगी हसत उठली.

विमान धावू लागलं तसा कुमुदताईंनी त्यांचा हात धरला. त्यांनीच तो घट्ट आवळून डोळे मिटले. इतकी वर्षं उडणाऱ्यालाही भीती वाटते, हे त्यांना आजच कळलं. तो हात त्यांनी मांडीवर ओढून घेतला आणि दोघांसाठी रामरक्षा सुरू केली.