मॅडमच्या मेलवर

"दार लावून घे," आगलावे मॅडम म्हणाल्या. दोन महिन्यांत पीएचडीचं एक पान लिहिलं नव्हतं. मॅडम माझ्या गाईड; आता म्हणणार, बाई, तू आधी मूलच सांभाळ.

त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. लायब्ररीच्या डेटाबेसकडून त्यांना रोज मेल येत होते, नव्या लेखांची नावं सांगणारे: उशिरा बोलणारी मुलं, दोन वर्षांनंतरही न बोलणारी मुलं.

मग मला उलगडा झाला. लेख शोधायला मी मॅडमचंच लॉगिन वापरते. एका दुपारी हातमाग विणकरांवरचे लेख शोधता शोधता मी माझ्या दोन वर्षांच्या निहारची काळजी टाइप केली होती, आणि 'नवीन लेख आल्यास कळवा' यावर क्लिकही केलं होतं.

"यात हातमाग कुठंय गं?"

"सॉरी, मॅडम. माझा मुलगा अजून 'आई'सुद्धा म्हणत नाही. ते वाचलं की जीव घाबरतो, आणि वाचल्याशिवाय राहवत नाही."

"हाक मारल्यावर बघतो?"

"बघतो ना. कुकरची शिट्टी झाली तरी धावत येतो."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"शुक्रवारी जायचंय."

"नक्की जा."

ते मेल बंद करायला मी माउसकडे हात नेला. त्यांनी तो हळूच बाजूला केला.

"राहू दे. येऊ देत माझ्याकडेच. मी आधी वाचेन, उगाच घाबरवणारे गाळेन आणि उपयोगाचे तेवढे तुझ्या हातात देईन. तू आपली विणकरांचे वाच."