अनुनाद

घोरपडे सरांनी नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटला. शेजारचा दुसरा काटा हात न लावताच गुणगुणू लागला. "याला म्हणतात अनुनाद. समजलं?"

"हो सर!" सगळा वर्ग ओरडला. पण तोंडी उत्तराला कॉलेजात आता किंमत नव्हती. प्रत्येकाच्या हातातलं यंत्र बोटांची नाडी बघून ठरवायचं: समजलं तर फळ्यावर त्याच्या नावाचा हिरवा ठिपका, गोंधळ असेल तर तांबडा. तास संपताना निम्म्याहून जास्त ठिपके तांबडे असले, की उद्यापासून तो विषय यंत्रच शिकवणार आणि सर घरी.

फळ्यावरचे ठिपके भराभर तांबडे होत होते.

"पोरांनो, कुठे अडतंय ते सांगा तरी." सर म्हणाले.

"कुठेच अडत नाही, सर," पहिल्या बाकावरची ऋजुता रडवेली होऊन म्हणाली. "तुम्ही जाल म्हणून छातीत धडधडतंय. या मेल्या यंत्राला त्यातलं काही कळत नाही."

सरांनी फळ्याकडे पाहिलं. निम्मा वर्ग अजून हिरवा होता आणि घंटा होतच आली होती. पोरांना धीर द्यायला ते हसले.

"अरे, माझं काय एवढं? मी गेलो तरी चालेल."

उरलेले सगळे ठिपके एकदम तांबडे झाले.