गोफण खिशात

हे मी लिवणार नव्हतो. काहून का नितेशले सगळ्यात पह्यले हसणारा मीच होतो, आन दोस्तावर हसलेलं लिवाले बरं नाही वाटत. पण लिवतो.

शहानूरच्या गेटातून सकायी सहाले आमची जिप्सी जंगलात गेली. चालवणारा मी. बाजूले नितेश, नव्या खाकी शर्टात; गाइड म्हणून त्याची परीक्षेची फेरी होती. मांग पुण्याची एक बाई आन तिच्या दोन पोरी. त्याइच्याही मांग वनरक्षक खुशालराव, वही घेऊन. आज नीट झालं तं नाव यादीत, नाही तं वापस वावरात, हे त्याइनं गेटावरच सांगून टाकलं होतं.

नितेश रातभर वावरातच होता, हरभऱ्याच्या जागलीवर, रोही-डुकरं हाकलत. माळ्यावरून उतरला, शर्ट बदलला, सिद्धा गेटावर आला. डोये लाल. खिशात गोफण तशीच.

दुसऱ्या वळणावर रोही उभा. नीलगायीचा नर, घोड्याएवढा, भर रस्त्यात. मी गाडी थांबवली. बाईनं कॅमेरा उचलला.

आन नितेश ताडकन उभा झाला. एक हात गोफणीवर. "हाऽऽऽ हुर्रर्र, हाऽऽऽ होऽऽ"

रोही गेला. मोर उडाले. अर्धं जंगल खाली झालं.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसलो. पोरीही हसल्या. बाई नाही हसली. एवढ्या लांबून हेच बघायला आलो का आम्ही, म्हणे. खुशालरावनं वहीत काईतरी लिवलं. नितेश खाली बसला तं त्याचे कान लाल झालेले दिसून राहिले होते.

मंग तासभर काहीच नाही. साग, धूळ, वाळलेले पानं. तो झाडाइचे नावं सांगत होता, पण आवाज पार बसलेला.

किल्ल्याखालच्या नाल्यापाशी त्यानं माह्या मांडीवर हात ठेवला. मी इंजिन बंद केलं.

रानडुकरं. पुढं एक मोठी मादी, मांग आठ-दहा, पट्ट्यापट्ट्याचे पिल्लं बी. डुकराइनंच आठ दिवसांआधी त्याचा अर्धा एकर हरभरा उकरून टाकला होता. मी डुकराकडं पाह्यलंच नाही, नितेशकडं पाह्यलं. त्यानं छातीत हवा भरली. तोंड उघडलं. गेलं आता, म्हटलं मनात.

त्यानं गोफण काढली. दोर मुठीले गुंडाळला. एक वेढा, दोन, तीन. आन दात दाबून बसला.

डुकरं नाल्यात उतरले. पाणी प्याले. चिखलात लोळले. मोठ्या फुरसतीनं. गाडीत कोणी हाललं नाही.

मंग मादीनं नाक वर केलं आन सारा कळप एकदम पळाला. नितेशनं गुंडाळलेली मूठ नाल्याकाठच्या जांभळीकडं केली. तिच्या बुडाशी गवत हाललं आन वाघीण बाहेर आली.

पाण्यापाशी बसून प्याली. आमच्याकडं एकदा पाह्यलं. आली तशीच गेली. बाईचा कॅमेरा मांडीवरच राहून गेला.

गेटावर धाकट्या पोरीनं त्याले इचारलं, दादा, वाघीण येणार हे तुम्हाला कसं कळलं?

"मले नाही, डुकराइले कळलं," नितेश म्हणे. "मी फक्त त्याइले हाकललं नाही."

खुशालरावनं वही उघडली, सकायच्या ओळीवर काट मारली. "उद्या सहाले ये," म्हणे. "आन ते गोफण घरी ठेवून ये लेका."

सारे गेल्यावर नितेशनं मूठ सोडली. हातावर दोराचे तीन लाल वळ. गोफणीकडं पाहत म्हणे, "पण आज रातच्या जागलीले कोण जाईन बे?"

मी गोफण त्याच्या हातातून घेतली. "मी जातो. तू झोप."

"डुकरं आले तं?"

"हाकलतो. पण पह्यले एकडाव नीट पाहून घेतो."