सरणापुरतं एक झाड

देवराईतल्या सगळ्यात जुन्या ऐनाच्या खोडाला तारा लावून झाल्या, रानाचं बोलणं माणसाच्या भाषेत ऐकवणाऱ्या डब्यावरचा दिवा हिरवा झाला आणि सरपंचांनी झिलू गुरवाला कोपराने ढोसलं. "घाल गाऱ्हाणा. रान होय म्हणल्याशिवाय रिसॉर्टाक परवानगी मिळाची नाय."

झिलूने नारळ ठेवून हात जोडले. रिसॉर्टचं नाव मात्र काही केल्या त्याच्या तोंडातून फुटेना. "बा देवा म्हाराजा," तो म्हणाला, "गावाक लाकूड होया."

"होय म्हाराजा!" मागून अख्खं गाव ओरडलं.

डबा खरखरला आणि त्यातून देवराईचा सावकाश आवाज आला. "कोण गेलं?"

या रानातली वाळकी काटकीही कुणी चुलीत घालत नसे. गावात मयत झालं, तरच सरणापुरतं एक झाड तोडायची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. रानाला दुसरं कारणच ठाऊक नव्हतं.

"किती झाडं हवीत?" रानाने विचारलं.

"सगळी," झिलू पुटपुटला.

डबा पुन्हा खरखरला.

"म्हणजे अख्खं गाव गेलं?"

"नाय, तसा नाय," म्हणायला झिलूने तोंड उघडलं, पण सवयीने गाव आधीच ओरडून बसलं होतं. "होय म्हाराजा!"

मग कुणी मान वर करेना. झिलूने पुढे ठेवलेला नारळ हळूच मागे ओढून घेतला.

"मग सगळी घ्या रे बाळांनो," देवराई म्हणाली. "कुणाचंच सरण अपुरं राहायला नको."