बंद हबमधलं पाणी

मिस्त्रीने सायकलीच्या मागच्या चाकाचा हब, म्हणजे मधला बंद डबा, उघडून आतला गिअरचा गाभा बाहेर ओढला आणि पाठोपाठ विटकरी पाणी भसकन थाळीत सांडलं. सडका दर्प दुकानभर पसरला. रोज लोकांच्या जखमा धुणाऱ्या नर्सबाईंनीही नाक दाबलं. उजव्या हाताने. डावा प्लास्टरमध्ये होता.

चार दिवसांपूर्वी, पेशंटकडे जाताना ऐन चढावर याच सायकलीचा गिअर सटकला आणि त्या पडल्या होत्या. मनगट मोडलं, पुढचा दात अर्धा गेला.

“वहिनींनी जोर जास्त लावला असणार,” शेजारी उभा असलेला धाकटा दीर म्हणाला. सायकली विकणं हाच त्याचा धंदा. “उघड्या गिअरची सारखी चेन उतरते, कपडे काळे होतात, म्हणून तर ही नवी दिली. सगळं आत, बंद. बघायलाच नको.”

मिस्त्रीने नखाने ग्रीस खरवडलं. ग्रीस ताजं होतं. त्याखालून गंजाचे पापुद्रे निघाले, दाते झिजून सपाट झालेली गिअरची दोन चाकं निघाली.

“नवी कसली, बाई! पाण्यात बुडालेला माल आहे हा. वरून ग्रीस थापलंय. हबला नावं ठेवू नका, वेळेवर तेल बदललं तर जन्मभर टिकतो.”

दीर रस्त्याकडे बघू लागला.

“भावजी?”

“गोदामात पाणी शिरलं होतं, वहिनी. बाहेरून चकाचक होत्या. फेकवेना.”

“होत्या? किती?”

“चार.”

“बाकीच्या तीन कुठायत?”

“विकल्या गेल्या. एक त्या शाळेच्या बाईंकडे आहे. मुलीला मागे बसवून नेतात ना, त्या.” त्याने आवाज खाली आणला. “दादाला एवढं सांगू नका.”

हाच माणूस दवाखान्यात उशाशी बसून फळं सोलून भरवत होता. त्या फोडींची चव नर्सबाईंच्या तोंडात पुन्हा आली. त्या दाराशी जाऊन थुंकल्या.

“थाळी उचला,” त्या वळून म्हणाल्या. “आधी शाळेच्या बाईंकडे. मग उरलेल्या दोघांकडे.”

“भर बाजारातून?”

“हो. भर बाजारातून.”

त्याने थाळी उचलली. पाणी हिंदकळून शर्टावर उडालं. पायरी उतरताना त्याने खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला आणि थाळीवर पसरू लागला.

“झाकू नका,” मागून नर्सबाई म्हणाल्या.